कोराडी सोडून पोफळीला: एका वीज अभियंत्याची पहिली वर्षं आणि पाण्यावरच्या विजेची गोष्ट

पाणक्या (धागालेखक)

नागपूरजवळच्या तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडल्याच्या फोटोंखाली परवा एकाने लिहिलं होतं, "इतकं पाणी वाहून राहिलं फुकटात, अन् आपण नागपूरवाले कोराडीची राख कायले खात बसलो बे?" तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते लांबत गेलं. शिवाय त्यात माझं स्वतःचं पुराण घुसलं. म्हणून वेगळा धागा.

मी ऐंशीच्या दशकात आपल्या व्हीआरसीईतून (नागपूरचं विश्वेश्वरय्या इंजिनिअरिंग कॉलेज) इलेक्ट्रिकल केलं. तेव्हा वीज मंडळात चिकटणं म्हणजे नागपूरकरासाठी कोराडी नाहीतर खापरखेडा, म्हणजे कोळशावरची वीजकेंद्रं. घरून डबा घेऊन जायचं, संध्याकाळी बर्डीवर परत. माझ्या बॅचचे बहुतेक तिकडेच गेले. माझ्या ऑर्डरवर नाव आलं पोफळी. घरात कोणाला ठाऊक नाही. वडिलांनी शाळेचा नकाशा काढला, त्यातही सापडेना. आईचा एकच प्रश्न, "तिथं ज्वारी मिळते का?"

महाराष्ट्र एक्स्प्रेसने कराड, तिथून एसटीने पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी. जुलै महिना. विदर्भातला पाऊस म्हणजे येतो, झोडपतो, जातो. तिथला जातच नाही. ट्रंकेतल्या कपड्यांना बुरशी, चामड्याच्या बुटांना हिरवी लव, आणि सर्टिफिकेटं पत्र्याच्या डब्यात तांदळात पुरून ठेवायची. पण कोयनेचं पॉवर हाऊस डोंगराच्या पोटात. बोगद्यातून आत गेलं की पावसाचा आवाज बंद आणि यंत्रांची घरघर सुरू. बारा महिने तेरा काळ आत एकच ऋतू.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोयनेचं धरण घाटाच्या वर, पॉवर हाऊस घाटाच्या पायथ्याशी, मधलं अंतर उभं साधारण ४७५ मीटर. आम्ही त्याला हेड म्हणतो. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी नोझलमधून सुटतं तेव्हा त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात असतो. तो झोत पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आपटतो. समजा लाइन ट्रिप झाली आणि मशीनवरचा लोड एकदम गेला, तर चाक सैराट सुटणार. पाणी तर लगेच बंद करता येत नाही, कारण मैलभर नळातलं पाणी अचानक थांबवलं तर तेच पाणी नळ फोडेल. म्हणून झोताच्या तोंडाशी एक पोलादी पातं असतं, डिफ्लेक्टर. ते क्षणात आडवं येऊन झोत चाकावरून बाजूला वळवतं आणि मग आतली नीडल सावकाश, सावकाश नोझल बंद करते. आधी वळवायचं, मग थांबवायचं. पुस्तकात हे अर्ध्या पानात होतं. तिथे पायाखालच्या लादीतून जाणवायचं.

मला शिकवलं ते एका ऑपरेटरने. डिग्री नाही, डिप्लोमा नाही. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून तो मशीनची तब्येत सांगायचा. सिंक्रोनायझिंगही, म्हणजे फिरतं मशीन ग्रिडच्या तालाशी जुळवून जोडणं, त्यानेच शिकवलं. सिंक्रोस्कोपचा काटा फास्टच्या बाजूने अगदी सावकाश फिरवत आणायचा आणि बारावर पोचायच्या किंचित आधी ब्रेकर द्यायचा, कारण ब्रेकरलाही मिटायला वेळ लागतो. "साहेब, बारा वाजल्यावर दिलात तर आपले बारा वाजतील," हे त्याचं ठरलेलं वाक्य. नवीन आलेल्या प्रत्येक जेईला (ज्युनिअर इंजिनिअरला) ऐकवायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायचा.

पण फुकट पाण्याबद्दलचं खरं शिक्षण कंट्रोल रूममधल्या एका रजिस्टरने केलं. कोयनेत पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवून विजेसाठी वापरायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातलेली आहे. रोज किती वापरलं, किती उरलं, हे रजिस्टरात. धरण काठोकाठ भरलेलं असो, वाटा संपला की संपला. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये, नेमकी जेव्हा अख्ख्या राज्यात मागणी शिगेला, तेव्हा आमच्याकडे हात आखडता. लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्यभरच्या विजेचा ताळमेळ ठेवणाऱ्या केंद्राचा फोन यायचा, "दोन मशीन घ्या." तासाभरात परत फोन, "सोडा." मला पहिले काही महिने वाटायचं, हे काय चाललंय, चालू केलंय तर चालू द्या की! नंतर कळलं की हीच तर पाण्याच्या मशीनची किंमत. ते हाक मारल्यावर काही मिनिटांत येतं आणि सांगितलं की जातं. कोळशाच्या संचाला हे जमत नाही. म्हणून ते पाणी दिवसभर उधळायचं नसतं, संध्याकाळी मागणी शिगेला पोचते तेव्हासाठी राखायचं असतं.

म्हणजे पहिलं उत्तर असं, की पाणी फुकट नाही. त्याच्यावर आधीच कोणीतरी हक्क सांगून बसलेलं असतं. कधी खालचं राज्य, कधी शेतकरी, कधी शहराचे नळ.

दुसरं उत्तर भूगोलाचं. वीज म्हणजे पाण्याचा प्रवाह गुणिले उंची. आपल्याकडे पाणी आहे, उंची नाही. नागपूरच्या आसपासच्या नद्या आडव्या वाहतात. सातपुड्याच्या कडेला जरा घसरण मिळते, तिथे पेंच झालं. ८० मेगावॉटचे दोन संच, एकूण १६०, त्यातला दोन तृतीयांश वाटा मध्य प्रदेशचा. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातला एकच संच २५० मेगावॉटचा आहे. तुलना करायची ती एवढीच.

इतिहासाचं खाली प्रतिसादांत लिहितो, हात दुखला.

तर्री_मारके

काका, एक नंबर. तो फोटोखालचा प्रश्न माझाच होता. राख खातो हे मात्र मागे घेणार नाही, गच्चीवर वाळवणं घालून पाहा कोराडी रोडवर.

धरमपेठी

आमच्या कॉलेजला विश्वेश्वरय्यांचं नाव आहे एवढंच ठाऊक. चार वर्षं त्यांच्या पुतळ्यासमोर गाड्या लावल्या, पण त्यांचा विजेशी काही संबंध होता का? ते तर धरणवाले ना?

पाणक्या

@धरमपेठी, चांगलं विचारलंत, कारण इथे त्यांच्या नोकरीची सुरुवातच महाराष्ट्रात झाली हे कोणी सांगत नाही. शिक्षण पुण्यात, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता, पहिल्या नेमणुका नाशिक-खानदेशात. धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्रातून पाटाचं पाणी पलीकडे न्यायला पाइपचा सायफन टाकायचं काम या तेवीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात, तेही पावसाळ्यात. नदी चढलेली, पात्रात गाळ भरतोय. केलं त्यांनी. पुढे सक्करचा पाणीपुरवठा, आणि १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवलेले स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आलं.

आता विजेचा संबंध. भारतात पाण्यावरची वीज पहिल्यांदा १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला झाली, १३० किलोवॉट. आज एखाद्या मॉलला पुरणार नाही. पण खरी मोठी उडी १९०२ ची, म्हैसूर संस्थानातलं शिवनसमुद्र. कावेरीच्या धबधब्यावर वीज करून ती जवळजवळ दीडशे किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना नेली. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे नंतर आले, १९०५ मध्ये. आधी खाणी! गिऱ्हाईक पक्कं असल्याशिवाय एवढ्या लांब तारा कोण ओढतो?

पण धबधबा उन्हाळ्यात आटतो आणि खाणीला वीज बारा महिने लागते. त्यासाठी कावेरीवर वरच्या अंगाला साठा हवा. विश्वेश्वरय्या १९०९ साली म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ मध्ये कृष्णराजसागराचं काम सुरू झालं. ते धरण आज शेतीसाठी आणि बागेसाठी माहीत आहे, पण एवढा खर्च मंजूर करून घेताना खाणींना मिळणारी खात्रीची वीज हा मोठा आधार होता. आणि लगेच मद्रास इलाख्याची हरकत आली, खाली आमचं पाणी अडवता म्हणून. म्हणजे आमच्या कंट्रोल रूममधलं ते रजिस्टर, त्याची पहिली पानं तिथे लिहिली गेली असं समजा.

खापरखेडा२१०

धागा छान, पण पाणीवाल्यांचा हा तोरा आम्ही नोकरीभर ऐकला. आम्ही रात्रंदिवस बॉयलर पेटता ठेवायचा, ट्यूब लीक झाली की रात्री दोनला धावायचं, आणि हे संध्याकाळी दोन तास येऊन मिरवणार. राज्य आमच्या कोळशावर चालतं साहेब.

पाणक्या

@खापरखेडा२१०, अगदी मान्य. बेस लोड, म्हणजे चोवीस तासांची कायमची मागणी, तुमचाच. थंड पडलेला २१० मेगावॉटचा संच परत उभा करायला किती तास जातात ते तुम्ही मला सांगायची गरज नाही, माझे अर्धे मित्र तिथे होते. पण ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवायचे होते. देशाची मागणी बघता बघता सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि मग तितक्याच झपाट्याने वर गेली. तेव्हा एकट्या जलविद्युत संचांनी मिळून साडेसतरा हजार मेगावॉटच्या आसपास उतरवून दाखवले आणि पुन्हा चढवले. ते काम बॉयलरने कसं केलं असतं?

खापरखेडा२१०

ते कबूल. त्या रात्री आम्हीही कंट्रोल रूममध्ये फ्रीक्वेन्सी मीटरकडेच बघत बसलो होतो, घरी दिवे कोणी लावले कोणास ठाऊक.

गणिताचा_कीडा

राहवलं नाही म्हणून आकडेमोड केली. १ टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. उंची ४७५ मीटर, कार्यक्षमता ९० टक्के धरली तर साधारण ३.३ कोटी युनिट. भारतीय कोळसा युनिटमागे पाऊण किलोच्या आत-बाहेर लागतो असं धरलं तर २३ ते २५ हजार टन कोळसा. मालगाडीचा रेक चार हजार टनांचा धरा. म्हणजे १ टीएमसी कोयनेचं पाणी बरोबर खापरखेड्याला येणारे सहा रेक. आणि ६७.५ टीएमसी म्हणजे चारशे रेक.

पाणक्या

बरोबर आहे. फक्त एक भर. तेच पाणी पोफळीतून सुटल्यावर कोळकेवाडीला परत अडवतात आणि तिसऱ्या टप्प्यात आणखी शंभरेक मीटर खाली सोडतात. तिथे पेल्टन नाही, फ्रान्सिस, म्हणजे कमी उंचीसाठीचं वेगळ्या जातीचं टर्बाइन. त्यामुळे तुमचा हिशेब अजून वर जाईल. चारही टप्पे मिळून क्षमता १,९२० मेगावॉट: २८०, ३२०, ३२० आणि १,०००.

चिपळूणची_मावशी

तुमचं ते पाणी कोळकेवाडीतून पुढे कुठे जातं, तेही लिहा की भाऊ. आमच्या वाशिष्ठीत! उन्हाळ्यात आमची नदी कोयनेच्या अवजलामुळे (वीज करून सोडलेल्या पाण्यामुळे) वाहती राहते हे खरं, त्याबद्दल तक्रार नाही. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा माझ्या माहेरच्या घरात पहिला मजला पाण्याखाली होता. तेव्हापासून "कोयना" म्हटलं की घरात दोन तट पडतात.

पाणक्या

ताई, तुमच्या घरचं ऐकून वाईट वाटलं. त्या रात्रीबद्दल मी निवाडा करणार नाही, मी तेव्हा तिथे नव्हतो. यंत्रणेचं कसं चालतं तेवढं सांगतो. कोयना धरणाचे वक्र दरवाजे उघडले की ते पाणी पूर्वेला कृष्णेत, म्हणजे कराड-सांगलीकडे जातं. तुमच्याकडे येतं ते फक्त टर्बाइनमधून गेलेलं आणि कोळकेवाडीच्या स्वतःच्या पाणलोटातलं. कुंभार्लीच्या खाली एका रात्रीत जो पाऊस पडतो त्यापुढे टर्बाइनचं पाणी कमी असतं. पण वर ढगफुटीसारखा पाऊस, खाली खाडीला भरती, आणि नदी गाळाने भरलेली असेल तर कमी पाणीही कमी राहत नाही. म्हणून अशा वेळी मशीन चालवायची की नाही हे एका शिफ्ट इंजिनिअरच्या फोनवर नाही, नदीच्या पातळीवर ठरावं असं माझं मत आहे. आमच्या काळी रजिस्टरात वाशिष्ठीची पातळी लिहायचा रकानाच नव्हता.

ताम्हिणीचा_पाहुणा

तुम्ही म्हैसूरवरून एकदम कोयनेवर आलात, मधली मुळशी गाळलीत. आमचं आजोळ तिथलं. टाटांच्या धरणात गाव गेलं.

पाणक्या

गाळणार नव्हतो, दमलो होतो. पण ही गोष्ट नागपूरपासून सुरू करू द्या. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली ती आपल्या नागपुरात. कापूस इथे, कोळसा इथून जवळ, म्हणून इथे. मुंबईच्या गिरण्यांना मात्र कोळसा लांबून आणावा लागे आणि धुराने शहर काळं. सह्याद्रीच्या कड्यावर पडणारा पाऊस अडवून खाली खोपोलीला वीज करायची कल्पना त्यांनी उचलून धरली. १९०४ मध्ये ते गेले. कंपनी स्थापन झाली १९१० मध्ये आणि खोपोलीची वीज मुंबईला पोचली १९१५ मध्ये. वळवण, शिरवटा, लोणावळा हे तलाव त्याचेच. गंमत म्हणजे गिरणीवाले सहजासहजी तयार नव्हते. चालू असलेलं वाफेचं इंजिन काढून तारेवर भरवसा कोण ठेवणार? पुढे भिवपुरी १९२२, भिरा १९२७.

भिऱ्यासाठीच मुळशीचं धरण. आणि तिथे १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. तीन वर्षं चालला, धरण थांबलं नाही. मी पोफळीला असताना या सगळ्यातलं काही ठाऊक नव्हतं. कोयनेची वीज म्हणजे महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी, एवढंच डोक्यात. एकदा सुट्टीच्या दिवशी एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने शिवसागराकडे, म्हणजे कोयनेच्या जलाशयाकडे बोट करून सांगितलं, "त्या तिथं, खाली, आमचं देऊळ." त्याला दुसऱ्या जिल्ह्यात जमीन दाखवली होती, तिचे कागद तो तेव्हाही पिशवीत घेऊन हिंडत होता. कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्न अजून पुरते मिटलेले नाहीत. आम्ही कॉलनीत चोवीस तास वीज वापरत होतो, आणि धरणाच्या काठावरच्या वाड्यांमध्ये तेव्हा कंदील होते. यावर माझ्याकडे काही युक्तिवाद नाही.

ताम्हिणीचा_पाहुणा

धन्यवाद. आजोबा म्हणायचे, मुंबईचा पंखा फिरतो तो आमच्या भातखाचरावर. एवढं लिहिलंत तेच पुष्कळ.

वरोऱ्याची_लेक

विदर्भातलं एक राहिलं. इंद्रावती आणि गोदावरीवरची भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली धरणं. ऐंशीच्या दशकात बाबा आमटे उभे राहिले त्यांच्या विरोधात, गडचिरोलीतली आदिवासी गावं आणि जंगल बुडणार म्हणून. ती धरणं झाली नाहीत. आमच्या घरी त्या मोर्चाच्या गोष्टी अजून निघतात. नर्मदेचं सगळ्यांना माहीत, हे मात्र विसरले.

पाणक्या

विसरलो नाही ताई. तेव्हा मी नोकरीत नवा आणि पोफळीच्या मेसमध्ये यावरून ताटं वाजेपर्यंत भांडणं व्हायची. निम्मे म्हणायचे, विदर्भाच्या नशिबी एकदा मोठी जलविद्युत आली होती ती घालवली. माझं मत तेव्हा त्यांच्याच बाजूचं होतं, आज नाही. सपाट प्रदेशात उंची मिळवायची तर भिंतीने मिळवावी लागते, आणि भिंतीने मिळवलेल्या उंचीमागे पाणी पसरतं ते मैलोगणती. घाटावर निसर्गाने उंची आयती दिलेली असते. बुडालेल्या एकरामागे किती मेगावॉट, हा हिशेब दोन्हीकडे अगदीच वेगळा निघतो.

तर्री_मारके

काका, भूकंपाचं सांगा ना. कोयना म्हटलं की आमचे बाबा तेच सांगतात.

पाणक्या

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगर जमीनदोस्त, १८० च्या आसपास माणसं गेली, मुंबईची वीज गेली. धरणाच्या उंच भागाला तडे गेले पण धरण उभं राहिलं. पुढे त्या भागाला मागून टेकू देऊन मजबूत केलं. पहिला संच सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. धरणातल्या पाण्याने भूकंप होऊ शकतो का, यावर जगभर जो अभ्यास झाला त्यात कोयना हे पहिलं नाव. लहान धक्के तिथे अजून बसतात. मी गेल्यावर पहिल्यांदा टेबलावरचा चहाचा पेला थरथरला तेव्हा उठून दाराकडे पळालो. ऑपरेटर लॉगशीट भरत होता. त्याने घड्याळात बघून वेळ लिहिली, मशीनचं व्हायब्रेशन बघून आला, आणि पुढचा रकाना भरायला लागला.

धरमपेठी

आता पेंचचं. आमच्या नळाला येणारं पाणी वीज करून येतं म्हणतात, खरं का? त्यातून काही "सत्त्व" कमी होतं का असं सासूबाई विचारतात. मी नाही.

पाणक्या

सासूबाईंना सांगा, पाण्यातून फक्त उंची काढून घेतली जाते, बाकी सगळं जसंच्या तसं. तोतलाडोहाचं पॉवर हाऊसही जमिनीखाली आहे. तिथून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात अडतं. तिथून नागपूरचे नळ, कोराडी-खापरखेड्याचं पाणी आणि पाटाखालची शेती. म्हणजे तेच पाणी आधी टर्बाइन फिरवतं आणि पुढे जाऊन औष्णिक संचालाही थंड करतं. @खापरखेडा२१० यांनी याची नोंद घ्यावी.

पण वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून तोतलाडोहात येणारं पाणी घटलं. २०१९ च्या जुलैत नागपुरात एक दिवसाआड पाणी आलं होतं ते आठवत असेल. मृत साठ्यातून उपसा करायची वेळ आली होती. अशा वर्षी विजेचा नंबर शेवटचा, आणि तो तसाच असला पाहिजे. मशीन चालवायची ती खालच्या लोकांना पाणी सोडायचंच आहे तेव्हा, वीज हा जोडधंदा.

खापरखेडा२१०

नोंद घेतली. पुढच्या वेळी कंडेन्सरला तुमचं नाव देतो.

नवा_जेई

काका, मी याच वर्षी इलेक्ट्रिकल करून बाहेर पडलो, वर्धा रोडला राहतो. उदंचन प्रकल्पात नोकरी मिळायची शक्यता आहे. घरचे म्हणतात सोलर नाहीतर आयटी, धरणाचे दिवस गेले. तुमच्या काळी आणि आता काय फरक वाटतो? आणि सुरुवातीला काय शिकावं?

पाणक्या

@नवा_जेई, नवीन मोठी धरणं आता फारशी होणार नाहीत, ते घरचे बरोबर सांगतात. पण सोलर वाढलं म्हणूनच उदंचनाला भाव आलाय. दुपारी ऊन असताना वीज जास्त होते, तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं. सूर्य मावळला की तेच पाणी सोडून वीज करायची. चार युनिट खर्चून तीन परत मिळतात, म्हणजे हा वीज तयार करायचा धंदा नाही, साठवायचा आहे. आपल्याकडे घाटघरला १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत. वरचा तलाव अकोले तालुक्यात, खालचा शहापूरकडे. तिथली धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, भारतात ते तंत्र पहिल्यांदा तिथेच वापरलं. भिऱ्यालाही आहे. आपल्या चिखलदऱ्याच्या उदंचनाचं नाव ऐकता ऐकता माझे केस पिकले.

काय शिकावं? पहिल्या वर्षात जमेल तितका वेळ मेंटेनन्सवाल्यांबरोबर काढ. कंट्रोल रूम थंडगार असते, खुर्ची असते, पण तिथे फक्त आकडे दिसतात. वार्षिक देखभालीत मला पहिल्यांदा पेल्टनच्या पिटमध्ये उतरवलं. त्या वाट्या आतून आरशासारख्या झालेल्या असतात, पाण्यानेच पॉलिश केलेल्या. त्यांच्यावर लाल रंगाचं द्रावण मारायचं, थोडा वेळ थांबून पुसून काढायचं आणि वर पांढरी पावडर फवारायची. वाटीला कुठे तडा असेल तर त्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ होऊन वर येतो. वाटीच्या बुडाशी, जिथे ती चाकाला जोडलेली असते, तिथे नीट बघायचं. ती रेघ सापडली नाही आणि वाटी चालत्या मशीनमध्ये तुटली तर काय होईल ते लिहीत नाही. आमचा फोरमन टॉर्च घेऊन प्रत्येक वाटीपुढे गुडघे टेकून बसायचा, आणि घाई करणाऱ्या साहेबाला सरळ वर पाठवायचा.

नवा_जेई

भारी. एक तांत्रिक शंका. उदंचनात तेच मशीन उलटं फिरवून पंप करतात हे कळलं. पण शंभराच्या वर मेगावॉटची मोटर, आणि चाक पाण्यात बुडालेलं. एकदम सुरू कशी करतात? ग्रिडला झटका बसणार नाही का?

पाणक्या

बसेल. म्हणून पाण्यात सुरूच करत नाहीत. आधी गाइड व्हेन (चाकाभोवतालच्या झडपा) बंद करतात आणि दाबाची हवा सोडून रनरभोवतीचं (रनर म्हणजे चाक) पाणी खाली ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे चाकाखालच्या नळात ढकलतात. मग रनर मोकळ्या हवेत. त्याला एकतर इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरने हळूहळू वेग देतात किंवा शेजारचं मशीन जनरेटर म्हणून चालवून त्याच्या विजेवर हे मोटरसारखं बरोबरीने फिरवत नेतात. पूर्ण वेग आला की ग्रिडशी सिंक्रोनाइझ. त्यानंतर हवा बाहेर काढतात, पाणी रनरपर्यंत चढतं, दाब पुरेसा झाला की गाइड व्हेन उघडतात आणि पाणी वर जायला लागतं. हवा निघून पाणी रनरला भिडतं त्या काही सेकंदांत आवाज बदलतो, मेगावॉटचा काटा उडी मारतो. ट्रेनिंगमध्ये हे बघायला मिळालं तर कंट्रोल रूममधून नाही, खाली टर्बाइनच्या मजल्यावर उभं राहून बघ. कानात बोळे घालून.

तर्री_मारके

काका, धाग्याचा दुसरा भाग काढा. चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग राहिलं, ते १९९९ चं.

पाणक्या

१३ मार्च १९९९. भरलेल्या तलावाच्या तळाशी खालून बोगदा नेऊन शेवटचा खडकाचा बूच सुरुंगाने उडवला, धरण रिकामं न करता. दुसऱ्यांदा केलं २०१२ मध्ये. त्यावर लिहायचं तर एक अख्खा धागा लागेल. दिवाळीनंतर बघतो, सध्या नातवाच्या परीक्षा चालू आहेत आणि कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात आहे.